पाठदुखीसाठी मणक्याचं ऑपरेशन: होकार देण्याआधीची पावलं, योग्य क्रमानं

पाठ धरली की आधी मालीश, मग गोळ्या, मग कुणीतरी सांगतं म्हणून एमआरआय. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (दोन मणक्यांमधली गादी फुगलेली) किंवा ‘नस दबलेली’ असे शब्द दिसले की घरात घबराट होते आणि तिथून थेट ऑपरेशनची तारीख ठरते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत हाच क्रम दिसतो. याच्या उलटही घडतं. पाऊल उचलता येत नसताना, लघवी अडलेली असताना माणूस ‘ऑपरेशन नको’ म्हणून घरी बसून राहतो. दोन्हीकडे चूक क्रमाचीच असते. कोणता प्रश्न आधी विचारायचा ते ठाऊक नसलं की ज्याला गरज नाही तो टेबलावर जातो आणि ज्याला आहे त्याला उशीर होतो.

खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या, एखादा गाळून पुढे जाऊ नका. अपघातातली मोडतोड किंवा आधीच निदान झालेला कर्करोग असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे निर्णय वेगळ्या कसोट्यांवर होतो.

टप्पा १: धोक्याच्या खुणा आहेत का?

हे आधी पाहायचं, आजच. पुढच्यापैकी काहीही असेल तर बाकीचे टप्पे सोडा आणि रुग्णालय गाठा.

- लघवी अडणं, लघवी झाल्याचं न कळणं, किंवा शौचावरचा ताबा जाणं.
- जांघा, गुदद्वार आणि जननेंद्रियाभोवतीचा भाग बधिर होणं. सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो, तोच हा भाग.
- पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, पाऊल लोंबणं, चप्पल पायातून निसटणं, दोन्ही पायांत एकदम कळा येणं.
- ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी.
- पूर्वी कर्करोग झालेला असणं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेलं असणं, किंवा वयस्कर माणसाला साध्या पडण्यानंतर अचानक तीव्र दुखणं.

पहिल्या दोन खुणा म्हणजे मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची शंका. इथे ऑपरेशन तासांच्या हिशेबानं करावं लागतं, शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत. रात्र असली तरी १०८ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आपत्कालीन विभागात जा. सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका.

ताप आणि वजन घटणं या जोडीकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण मणक्याचा क्षयरोग भारतात अजूनही आढळतो. तो बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो. पण त्याला ‘गादी सरकली’ समजून महिनोन्‌महिने मालीश चालू राहिली तर मणका खचतो.

*सावध:* यातली एकही खूण असताना ‘मणका बसवणाऱ्या’कडे जाऊन पाठीला झटका देऊन घेऊ नका.

टप्पा २: दुखतंय पाठीत की पायात?

पुढचा सगळा निर्णय याच प्रश्नावर उभा आहे आणि नेमका तोच कुणी नीट विचारत नाही. वही घ्या आणि आठवडाभर रोज तीन गोष्टी लिहा. कंबरेतलं दुखणं दहापैकी किती? गुडघ्याखाली उतरणारी कळ दहापैकी किती? न थांबता किती चाललात?

मणक्याची नेहमीची ऑपरेशनं नसेवरचा दाब काढण्यासाठी असतात. दाब निघाला की पायातली कळ कमी होते. नुसती कंबरदुखी, जी पायात उतरत नाही, ती या ऑपरेशनानं जाईल याची खात्री कुठलाही प्रामाणिक सर्जन देणार नाही. ‘ऑपरेशन झालं तरी पाठ दुखतेच’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांना मुळात पाठच दुखत होती, पाय नव्हे.

कळ कुठवर जाते तेही नीट पाहा. नितंबापर्यंत किंवा मांडीच्या मागे थांबणारं दुखणं स्नायूंचं, सांध्याचं किंवा खुब्याचं असू शकतं. जांघेत दुखतं आणि मांडी घालून बसता येत नाही, तर आधी खुबा तपासून घ्या. एका बाजूनं कंबरेतून जांघेकडे लाटेसारखं येणारं दुखणं मुतखड्याचंही असतं.

वयस्कर माणसांची गोष्ट थोडी वेगळी असते. चार पावलं चाललं की दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. ही मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची खूण आहे. पण नुसतं उभं राहूनही बरं वाटत असेल तर पायांच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात, विशेषतः मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर. चुकीच्या जागी ऑपरेशन होण्याचं हे एक कारण आहे आणि पावलाची नाडी पाहिली की ते टळू शकतं.

टप्पा ३: सहा आठवडे, पण खरे सहा आठवडे

धोक्याची खूण नसेल तर वेळ देणं हाच पहिला उपचार. नव्यानं सुरू झालेली पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. गादी फुटून पायात कळ येत असली तरी बऱ्याच जणांना सहा ते बारा आठवड्यांत आराम पडतो. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा तर अनेकदा जास्त चांगला विरतो. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण हे खरं आहे.

२००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेच्या, २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन करायचं ठरलं आणि निम्म्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना वर्षभरात लागलंच नाही.

‘मी सहा आठवडे उपचार घेतले’ असं सांगणाऱ्यानं प्रत्यक्षात काय केलेलं असतं? गोळ्या, पट्टा आणि खाटेवर पडून राहणं. हे उपचार नव्हेत. खरे सहा आठवडे असे असतात:

१. पडून राहणं एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. त्यानंतर रोज चालणं, सुरुवातीला दहा मिनिटं, मग वाढवत जाणं. पावसाळ्यात अंगणात शेवाळ असेल तर घरातल्या घरात चाला.

२. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणं आणि ते घरी रोज करणं. नुसता शेक आणि मशीन लावून येणं पुरेसं नाही. कोणत्या हालचालीनं पायातली कळ वर सरकून कंबरेत येते ते शोधायचं आणि ती हालचाल जास्त करायची. कळ खाली उतरत असेल तर ती हालचाल थांबवायची.

३. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या फार्मसीतून परस्पर आणून खाऊ नका. सायटिकासाठी सर्रास दिली जाणारी प्रीगाबालिन २०१७च्या एका मोठ्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आणत होती. ती महिनोन्‌महिने चालू असेल तर ‘अजून हवी का?’ असं विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका.

४. काम बदलून घेणं. काजूच्या दिवसांत वाकून बोंडू वेचणं, विहिरीतून घागर ओढणं, खड्ड्यांतून रोज स्कूटरवर तासभर जाणं हे सहा आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या. ट्रक किंवा बस चालवणाऱ्याला हे अवघड जातं याची मला जाणीव आहे, तरी दर तासाला उतरून पाच मिनिटं चालणं जमवता येतं.

मणक्यात दिलं जाणारं स्टेरॉइड इंजेक्शन पायातल्या कळेला काही आठवडे आराम देऊ शकतं आणि तेवढ्या वेळात व्यायाम सुरू करता येतो. निव्वळ कंबरदुखीसाठी त्याचा उपयोग नाही.

*तपासा:* सहा आठवड्यांनंतर वहीतले आकडे उतरले आहेत का? उतरत असतील तर इथेच थांबा आणि व्यायाम चालू ठेवा.

टप्पा ४: एमआरआय कधी आणि तो कसा वाचायचा

धोक्याची खूण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयची गरज नसते. लवकर काढल्यानं दुखणं लवकर बरं होत नाही, फक्त भीती वाढते.

भीती का वाढते ते समजून घ्या. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे फोटो तपासले होते. चाळिशीच्या लोकांत ६८ टक्क्यांची गादी झिजलेली होती आणि ५० टक्क्यांची फुगलेली. साठीत हेच आकडे ८८ आणि ६९ टक्के. आणि यातल्या कुणालाही काही त्रास नव्हता. म्हणून रिपोर्टातले झीज, फुगवटा, पाणी सुकलेली गादी हे शब्द बहुतेक वेळा पांढऱ्या केसांसारखे असतात, वयाबरोबर येणारे. ते वाचून ‘माझा मणका संपला’ असं कृपा करून म्हणू नका.

एमआरआय काढलाच तर फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, त्यांना प्रत्यक्ष फोटो पाहायचे असतात.

टप्पा ५: तीन गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवतात का?

ऑपरेशन योग्य की अयोग्य हे इथे ठरतं, म्हणून इथे घाई नको. तुमचं दुखणं, डॉक्टरांची हातानं केलेली तपासणी आणि एमआरआयचा फोटो या तीन गोष्टी एकच नस, एकच बाजू आणि एकच पातळी सांगत असतील, तरच ऑपरेशनाला पाया आहे. त्यातल्या दोन जुळल्या आणि तिसरी नाही, तर थांबून विचार करायचा.

हे ताडून पाहायला डॉक्टर असायची गरज नाही. ढोबळ नकाशा असा (‘एल’ म्हणजे कंबरेचे मणके, ‘एस’ म्हणजे त्यांच्या खालचं हाड, आकडा म्हणजे वरून कितवा):

- *एल-४ नस:* कळ किंवा बधिरपणा नडगीच्या आतल्या बाजूला, जिना चढताना गुडघा ढिला पडतो.
- *एल-५ नस:* कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वर अंगठ्यापर्यंत, अंगठा वर उचलता येत नाही, टाचांवर चालणं जमत नाही.
- *एस-१ नस:* कळ पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीपर्यंत, चवड्यांवर उभं राहता येत नाही.

एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी बाहेर आली तर सहसा एल-५ नस दबते. एल-५ आणि एस-१मधली आली तर सहसा एस-१. आता समजा, तुमची करंगळी बधिर आहे आणि रिपोर्टात दोष एल-४/एल-५ला लिहिला आहे. किंवा दुखतो उजवा पाय आणि गादी डावीकडे फुगलेली. अशा वेळी विचारा, ‘डॉक्टर, हे जुळतं का?’ शरीररचना माणसागणिक थोडी बदलते, त्यामुळे उत्तर ‘हो, कारण…’ असंही येऊ शकतं. पण ते ‘कारण’ ऐकूनच उठा.

तपासणीत काय व्हायला हवं? तुम्हाला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलायचा, अंगठ्याची ताकद पाहायची, गुडघ्यावर आणि टाचेवर हातोडी मारायची, पावलाचा बधिरपणा स्पर्शानं तपासायचा, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून बघायचं. याला दहा मिनिटं पुरतात. तुम्हाला खुर्चीतून न उठवता, फक्त फिल्म दिव्यासमोर धरून ऑपरेशन सुचवलं गेलं असेल तर तो सल्ला अपुरा आहे, डॉक्टर कितीही नावाजलेले असोत.

मधुमेह असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर दोन्ही तळपाय बधिर होऊ शकतात आणि खापर मणक्यावर फुटतं. साधी रक्ततपासणी आधी करून घ्या.

*तपासा:* वहीत एक वाक्य लिहा: ‘माझी अमुक बाजूची अमुक नस अमुक ठिकाणी दबली आहे, त्यामुळे मला अमुक होतं.’ हे वाक्य पुरं करता येत नसेल तर सहीची वेळ अजून आलेली नाही.

टप्पा ६: ऑपरेशन कोणतं?

‘मणक्याचं ऑपरेशन’ ही एक गोष्ट नाही. ढोबळ दोन प्रकार ओळखा.

पहिला प्रकार दाब काढण्याचा. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढणं किंवा अरुंद झालेली वाट मोकळी करणं. तीन गोष्टी जुळत असतील, पायातली कळ सहा-बारा आठवडे नीट उपचार करूनही हटत नसेल, तर हे चांगलं ऑपरेशन आहे. ‘मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो’ या भीतीपोटी वर्षभर कळ सोसू नका. सहा महिन्यांहून जास्त रखडलं तर आराम कमी पडण्याची शक्यता असते. पाऊल लोंबू लागलं असेल तर सहा आठवडेसुद्धा थांबायचं नाही.

दुसरा प्रकार मणके जोडण्याचा, स्क्रू आणि सळ्या घालून. हे मोठं ऑपरेशन आहे. रक्त जास्त जातं, खर्च जास्त, बरं व्हायला महिने लागतात, आणि जोडलेल्या भागाच्या वर-खालच्या मणक्यांवर पुढे ताण येऊ शकतो. मोडून अस्थिर झालेला मणका, मोठा बाक, गाठ, क्षयरोगाची काही प्रकरणं, स्पष्टपणे हलणारा मणका अशा ठिकाणी ते लागतं. झिजलेल्या गादीच्या नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ची मार्गदर्शक सूचना सांगते की कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं ऑपरेशन संशोधन-चाचणीबाहेर देऊ नये, आणि कृत्रिम गादी तर बसवूच नये.

वाट अरुंद झालेल्या वयस्करांत ‘दाब काढतोच आहोत तर स्क्रूही घालू’ असा सल्ला मिळतो. २०१६ साली स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवरच्या चाचणीत स्क्रू घातलेल्यांना दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. मणका थोडा सरकलेल्यांवर नॉर्वेत झालेल्या २०२१च्या चाचणीतही नुसता दाब काढणं कमी पडलं नाही. म्हणून स्क्रू सुचवले तर विचारा, ‘माझा मणका अस्थिर आहे हे कशावरून?’ वाकून आणि ताठ उभं राहून काढलेले दोन एक्स-रे हा त्याचा एक साधा पुरावा असतो.

*सावध:* दुर्बीण, लेझर, ‘बिनटाक्याचं’ ही सगळी आत शिरण्याच्या वाटेची नावं. छेद लहान असला म्हणून अनावश्यक ऑपरेशन आवश्यक होत नाही.

टप्पा ७: दुसरं मत

तातडीची खूण नसेल तर दुसरं मत घ्याच. पहिल्या डॉक्टरांचा त्यात अपमान नाही, चांगले सर्जन स्वतःच तसं सुचवतात. ज्यानं मत द्यायचं तो त्याच रुग्णालयातला नसावा. गोमेकॉत अस्थिरोग आणि न्यूरोसर्जरी असे दोन्ही विभाग आहेत आणि दोन्ही शाखांचे सर्जन मणक्याचं काम करतात. जवळ म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय असेल तर तिथून अस्थिरोगतज्ज्ञांचं पत्र घेऊन बांबोळीला जा. कागदांच्या पिशवीत फिल्म, सीडी, वही, चालू गोळ्यांची यादी एवढं हवं. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्याचं मत लगेच सांगू नका. आधी त्यांना तपासू द्या, मग फरक विचारा.

मोठा निर्णय म्हणून देवाला कौल लावायची आपल्याकडे रीत आहे. तो जरूर घ्या. दुसऱ्या डॉक्टरांची तपासणी त्याआधी झालेली असू द्या.

टप्पा ८: सर्जनला विचारायचे प्रश्न

घरातलं एक माणूस सोबत न्या आणि उत्तरं लिहून घ्यायला सांगा.

१. कोणत्या पातळीवर, कोणत्या बाजूला, काय काढणार किंवा घालणार?

२. माझ्या पायातल्या कळेला किती आराम पडेल? आणि कंबरेला? दोन्ही उत्तरं वेगवेगळी मागा.

३. आणखी सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल?

४. असं ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? माझं तुम्हीच करणार ना?

५. तुमच्याकडे जंतुसंसर्ग, नसेला इजा, नसांभोवतीचं आवरण फाटणं किती वेळा होतं? गादी पुन्हा बाहेर येण्याची शक्यता किती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत जास्त सांगून जातं. ‘पाय लुळा पडेल’ असं म्हटलं गेलं आणि तुमच्या पायाची ताकद तर पूर्ण आहे, तर ‘कशावरून?’ असं नम्रपणे विचारा.

टप्पा ९: पैसे आणि कागद

गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचं नूतनीकरण झालं आहे का, सुचवलेलं नेमकं ऑपरेशन यादीत आहे का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे तारीख ठरण्याआधी योजनेच्या खिडकीवर विचारा. सावंतवाडी-दोडामार्गहून बांबोळीला येणाऱ्यांना गोव्याचं हे कार्ड चालत नाही. त्यांनी महाराष्ट्राच्या योजनेतून काय मिळतं ते निघण्यापूर्वीच पाहून घ्यावं.

खासगी रुग्णालयात स्क्रू-सळ्यांचा खर्च वेगळा लिहून मागा. विमा आहे म्हणून मोठं ऑपरेशन निवडायचं नाही.

टप्पा १०: ऑपरेशनपूर्वीची तयारी

- विडी, सिगारेट, तंबाखू किमान चार ते सहा आठवडे आधी बंद. मणके जोडायचे असतील तर हे सर्वांत महत्त्वाचं, कारण निकोटिनमुळे हाड नीट सांधत नाही.
- मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) तपासून साखर ताब्यात आणा. गरज पडली तर तारीख पुढे ढकला.
- ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारा. मनानं बंद करू नका. आयुर्वेदिक काढे चालू असतील तर तेही सांगा.
- दाताचा पू, त्वचेवर गळू, लघवीतला जंतुसंसर्ग आधी बरा करा.
- पन्नाशी उलटलेल्या बायकांनी स्क्रू घालण्याआधी हाडांची घनता तपासून घ्यावी.
- जुन्या घरात बाल्कांवाच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या उंच असतात. झोपायची खोली तळमजल्यावर हलवा, संडासात उंच कमोड किंवा खुर्ची ठेवा, रोजची भांडी कंबरेच्या उंचीवर लावा. चतुर्थीच्या तोंडावर तारीख घेतली तर माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधायचा आणि पाट उचलायचा मोह होतोच, म्हणून ती टाळा किंवा घरच्यांना कामं आधीच वाटून द्या.

टप्पा ११: ऑपरेशननंतर

गादीचा तुकडा काढल्यावर सहसा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. आधी कळ जाते, मग हळूहळू ताकद येते, बधिरपणा सर्वांत शेवटी आणि कधी थोडा राहूनही जातो. हे आधी ठाऊक नसलं की लोक पंधराव्या दिवशीच ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात.

बसून करायचं काम साधारण दोन ते चार आठवड्यांत, जड काम सहा ते बारा आठवड्यांत. मणके जोडले असतील तर किमान तीन महिने धरा. स्कूटर कधी चालवायची ते सर्जन सांगतील, तोवर मागे बसणंही नको. चालणं रोज वाढवा, आणि टप्पा ३मधले व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू करा.

*लगेच कळवा:* जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणं, ताप, उभं राहिल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर थांबणारी डोकेदुखी, पोटरी सुजून दुखणं, पायात नवी कमजोरी, लघवी अडणं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. रुग्णालयातून निघताना रात्री कोणत्या नंबरावर फोन करायचा तो कागदावर लिहून घ्या आणि घरी फ्रिजवर चिकटवून ठेवा.